परदेशात शिकणारी मुलं, त्यांचं मन आणि मशीन लर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हे प्रश्न तीन बाजूंनी येतात. डेटा सायन्सचा प्रोजेक्ट करणारी मुलं विचारतात, परदेशी विद्यार्थी असलेल्या कॉलेजांतले शिक्षक विचारतात आणि ज्यांची मुलं बाहेर गेली आहेत ते आईवडील विचारतात. तिघांचीही उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत. तांत्रिक भाग नको असलेल्या पालकांनी थेट त्यांच्या प्रश्नावर जावं, पण जमलं तर सगळं वाचावं.

या विषयाचा कोल्हापूरशी काय संबंध?

विषय घरात आला आहे, हाच संबंध. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ झाली आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारत पहिल्या क्रमांकावर गेला. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन वेगळे. राजारामपुरीतून, इचलकरंजीतून, गडहिंग्लजकडच्या गावांतून मुलं जातात, आणि बऱ्याच घरांत त्यासाठी जमीन किंवा घर बँकेकडे तारण पडलेलं असतं. उलट दिशेनेही काही मुलं येतात. दुसऱ्या देशांतून आपल्या भागात शिकायला आलेली ही मुलं संख्येने थोडी, म्हणून सहज नजरेआड होतात.

आणखी एक कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंग उभं राहिलं, आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणू लागले. गाव सोडून आलेल्या पोराला नुसती शाळा पुरत नाही, आपलं म्हणायला चार माणसं लागतात, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आजचे अभ्यास आकड्यांच्या वाटेने वारंवार त्याच जागी येतात. ते कसं, हे पुढे येईलच.

मशीन लर्निंग यात नेमकं काय करतं?

समजा दोनशे विद्यार्थ्यांनी एक प्रश्नावली भरली. वय, किती महिने झाले, तिथली भाषा किती येते, झोप कशी, मित्र किती जवळचे, घरची आठवण किती येते, अशी प्रत्येकाची चाळीसेक उत्तरं. नैराश्याच्या लक्षणांचे गुणही त्यात आहेत. यातल्या कोणत्या गोष्टी एकत्र आल्या की ते गुण वाढतात, हे माणसाने तक्ता बघून शोधायचं म्हटलं तर एकावेळी दोन-तीन गोष्टींपलीकडे डोकं चालत नाही. संगणक सगळ्या गोष्टी एकदम घेऊन नमुना (यालाच मॉडेल म्हणतात) शोधतो आणि तो नमुना न पाहिलेल्या विद्यार्थ्यांवर टिकतो का, हे तपासून देतो.

बस, एवढंच. मन ‘वाचणं’ वगैरे काही होत नाही. विद्यार्थ्याने जे सांगितलं नाही ते मॉडेलला कळत नाही, आणि जे त्याने घाबरून खोटं सांगितलं ते मॉडेल खरं धरून चालतं.

हा डेटा येतो कुठून? आम्हाला मिळेल का?

सुरुवातीला जपानमधला एक डेटासेट घ्यावा असं मी सुचवतो. बेप्पू शहरात रित्सुमेकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ आहे, तिथे परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. २०१८ मध्ये तिथल्या २६८ विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण झालं, त्यात २०१ परदेशी आणि ६७ जपानी. २०१९ मध्ये हा डेटा संशोधकांनी सगळ्यांसाठी खुला केला. तो फुकट आहे आणि लॅपटॉपवर सहज चालतो.

यातली एक ओळ सावकाश वाचून बघा. मुलगी, वय एकवीस, पदवीचं शिक्षण, देशात येऊन दोन वर्षं, जपानी भाषा मध्यम, इंग्रजी चांगली, जोडीदार नाही. (ही ओळ मी नमुन्यादाखल रचली आहे, पण रकाने तेच आहेत.) मग येतात नैराश्याचे गुण, माणसांशी जोडलेलं वाटण्याचे गुण, आणि परक्या ठिकाणी जुळवून घेताना येणाऱ्या ताणाचे सात तुकडे: भेदभाव होतोय असं वाटणं, घरची ओढ, आपला तिरस्कार होतोय असं वाटणं, भीती, बदलाचा धक्का, अपराधीपणा आणि इतर. शेवटी, त्रास झाला तर कुणाकडे जाशील? जोडीदार, मित्र, आईवडील, नातेवाईक, समुपदेशक, फोन हेल्पलाइन, डॉक्टर, धर्मगुरू, इंटरनेट, की कुणाकडेच नाही?

शेवटच्या रकान्यांकडे प्रोजेक्ट करणारी मुलं फारशी बघत नाहीत, कारण त्यातून ‘प्रेडिक्शन’ दाखवता येत नाही. मला मात्र तेच सगळ्यात मोलाचे वाटतात. कोण दुःखी आहे याच्याइतकंच, तो दुःखी माणूस कुणाचं दार वाजवेल हे कळायला हवं.

पीएचक्यू-९ म्हणजे काय?

नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली. २००१ मध्ये क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, उदास वाटलं, झोप बिघडली, थकवा आला, भूक बदलली, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या पायऱ्यांवर तीव्रता बदलते. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, असं साधारणपणे मानतात.

हे निदान नव्हे. निदान माणूस करतो, समोर बसून, वेळ देऊन.

या अभ्यासांतून आत्तापर्यंत काय हाती लागलं?

दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. परक्या ठिकाणी जुळवून घेण्याचा ताण जितका जास्त तितके नैराश्याचे गुण जास्त, आणि माणसांशी जोडलेलं वाटणं जितकं जास्त तितके ते कमी. बेप्पूच्या डेटातही हेच दिसतं. तो ताण मोजायला संधू आणि असराबादी यांनी १९९४ मध्ये केलेली ३६ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. त्यातला अपराधीपणाचा भाग भारतीय घरांनी मुद्दाम समजून घ्यावा: मी इथे बऱ्यापैकी राहतोय, खातोय, आणि घरचे तिकडे ओढाताण करताहेत. कर्जावर गेलेल्या मुलाला हे वाक्य कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, परदेशी विद्यार्थी विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे कमी जातात. आधी मित्र, मग घरचे, आणि तेही नाही जमलं तर एकट्याने सोसणं. भाषा आड येते, लाज आड येते, ‘व्हिसाला काही होईल का’ ही शंकाही आड येते.

हा प्रश्न फक्त परदेशी मुलांचा आहे असंही कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पाहणीत ८ देशांतल्या १९ संस्थांमधले सुमारे १४ हजार पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, आणि त्यातल्या साधारण ३५ टक्के विद्यार्थ्यांना आयुष्यात कधी ना कधी एखादा मानसिक विकार झाल्याची लक्षणं आढळली. २०१८ मध्ये ते निष्कर्ष आले. घर सोडून परक्या मुलखात जाणं हे या पायावर चढणारं जादा ओझं आहे.

एकटेपणामुळे नैराश्य येतं, असं यावरून सिद्ध झालं का?

नाही. नैराश्य आलेला मुलगा आपणहून मित्रांना टाळतो, मग एकटा पडतो, हेही तितकंच शक्य आहे. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. त्यासाठी त्याच मुलांना सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारावं लागतं. मॉडेल कितीही भारी असलं तरी या एका कमतरतेवर ते मात करू शकत नाही.

कोणता अल्गोरिदम वापरू?

आधी लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांवरून ‘हो की नाही’ याची शक्यता काढणारी साधी पद्धत. मग वाटलं तर रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट, या अनेक छोट्या निर्णयवृक्षांची उत्तरं एकत्र करणाऱ्या पद्धती. दोनशे-अडीचशे ओळींच्या डेटावर डीप लर्निंग, म्हणजे भरपूर डेटा लागणारी अनेक थरांची मॉडेलं, लावू नका. कोणत्या घटकाचा अंदाजावर किती परिणाम झाला हे दाखवायला शॅप ही २०१७ मध्ये आलेली पद्धत चांगली आहे, पण तिचा आलेख म्हणजे कारण नव्हे, हे परीक्षकाला सांगायची तयारी ठेवा.

माझ्या मॉडेलची अचूकता ९८ टक्के येते. प्रोजेक्ट झाला ना?

झाला नाही, तिथून सुरू झाला. एवढा मोठा आकडा आला की आधी धसका घ्यावा.

पहिली शंका गळतीची. बेप्पूच्या फाइलमध्ये नैराश्याचे एकूण गुण एका रकान्यात आहेत, त्याची तीव्रता दुसऱ्यात, आणि नैराश्य आहे की नाही हे आणखी तिसऱ्यात. तिसरा रकाना ओळखायला सांगितला आणि पहिले दोन मॉडेललाच दिले, तर त्याने उत्तरपत्रिका बघून पेपर लिहिला. हा प्रकार चटकन लक्षात येत नाही, कारण रकान्यांची नावं आखूड आणि सारखी दिसणारी आहेत. प्रत्येक रकाना कशापासून बनला हे वहीत लिहून काढल्याशिवाय कोड लिहू नये, असं मी माझ्यापुरतं ठरवून ठेवलं आहे.

दुसरी शंका तोलाची. दहातली नऊ मुलं ठीक असतील, तर ‘सगळे ठीक आहेत’ एवढंच म्हणणारं मॉडेल ९० टक्के बरोबर ठरतं आणि एकाही त्रासातल्या मुलाला शोधत नाही. म्हणून नुसती अचूकता सांगू नका. त्रासात असलेल्यांपैकी किती सापडले, आणि सापडले म्हटलेल्यांपैकी किती खरे, हे दोन आकडे वेगळे द्या. तोल साधायला स्मोट (कमी असलेल्या गटाच्या कृत्रिम ओळी बनवणारी पद्धत) वापरणार असाल तर शिकवण्याचा आणि परीक्षेचा अशी डेटाची वाटणी आधी करा आणि कृत्रिम ओळी फक्त शिकवण्याच्या भागात घाला. आधी स्मोट करून मग वाटणी केली, तर परीक्षेच्या ढिगात शिकवलेल्याच ओळींची भावंडं जाऊन बसतात.

तिसरी शंका आकाराची. २०१ परदेशी विद्यार्थ्यांपैकी २० टक्के चाचणीसाठी ठेवले तर हातात ४१ जण उरतात. एक मुलगा इकडचा तिकडे झाला की अचूकता जवळपास अडीच टक्क्यांनी हलते. तेव्हा ८३ आणि ८५ टक्क्यांतल्या फरकावरून कोणतं मॉडेल सरस हे ठरवू नका. क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे डेटाचे भाग पाडून दर वेळी वेगळा भाग परीक्षेला ठेवा, ते अनेकदा वेगवेगळ्या वाटणीने करा, आणि आकडा एकच न सांगता तो कुठून कुठपर्यंत फिरतो ते सांगा.

मोबाइलवरून कळतं म्हणतात, ते खरं का?

काही अंशी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ‘स्टुडंटलाइफ’ नावाचा अभ्यास झाला. ४८ विद्यार्थ्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये दहा आठवडे एक अ‍ॅप होतं, त्यांच्या संमतीने. ते झोप, हालचाल, आजूबाजूला बोलणं किती चाललंय अशा गोष्टी नोंदवत होतं. ज्यांची झोप कमी आणि बोलणं कमी, त्यांचे नैराश्याचे गुण जास्त, असा संबंध दिसला.

पण हे मॉडेल उचलून दुसरीकडे लावलं की डगमगतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘ग्लोबेम’ या कामात २०१८ ते २०२१ अशा चार वर्षांचा फोनचा डेटा होता. एका वर्षी बरं चाललेलं मॉडेल दुसऱ्या वर्षीच्या मुलांवर अंदाजाने नाणं उडवण्यापेक्षा फारसं पुढे जात नाही, असं त्यांना आढळलं. विद्यापीठ तेच, शहर तेच, तरीही.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गफलत होते, ती आपल्या लोकांनीच सांगायला हवी. बॉस्टनमध्ये रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात कोल्हापुरात सकाळचे दहा होतात. डबे गेलेले असतात, देवपूजा झालेली असते, आई जरा निवांत होते. मुलगा त्या वेळी व्हिडिओ कॉल लावतो आणि अर्धा-पाऊण तास बोलतो. फोनच्या नोंदीत काय येतं? मध्यरात्रीनंतर स्क्रीन चालू, झोप उशिरा, हालचाल शून्य. तिथल्या मुलांवर शिकलेलं मॉडेल याला धोक्याची खूण समजेल. खरं तर त्या मुलाच्या दिवसातला सगळ्यात आधाराचा तो अर्धा तास असू शकतो. ‘रात्री फोन’ हा रकाना ‘रात्री घरी फोन’ आणि ‘रात्री एकट्याने स्क्रोल’ असा फोडल्याशिवाय परदेशी मुलांबद्दल काही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

पोस्ट आणि मेसेज वाचून मराठी मुलांची मनःस्थिती कळेल का?

आज तरी त्यावर विसंबू नका. इंग्रजीत यावर बरंच काम झालं आहे. मराठीत पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाने महाबर्टसारखी मराठी मजकूर समजणारी मॉडेलं आणि महासेंट नावाचा भावनांचा डेटासेट दिला, ही मोठी सोय झाली. पण त्या डेटासेटमधली सुमारे १६ हजार ट्वीट महाराष्ट्रातल्या नामांकित व्यक्तींच्या खात्यांवरची आहेत. जाहीर शुभेच्छा आणि टीका यांवर शिकलेलं मॉडेल, रात्री एकच्या सुमाराला मित्राला रोमन लिपीत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी लिहिलेला मेसेज कसा समजणार? त्यात कोल्हापूरकडच्या मुली बोलताना सर्रास ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. लिहिणारी मुलगी आहे की मुलगा इथेच मॉडेल अडखळेल. शिवाय आपल्याकडे त्रास सांगताना शरीराचं नाव पुढे येतं. छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, पोटात कसंतरी होतंय. ‘मला नैराश्य आलंय’ असं लिहिणारा विरळा.

मग प्रत्येक विद्यार्थ्याला गुण लावून धोक्यातली मुलं आधीच वेगळी काढता येतील का?

इथे जरा हिशेब करू. पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात १० गुणांची रेषा धरल्यावर खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के सापडले आणि निरोगी लोकांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला पडले. ही कामगिरी चांगली आहे, बऱ्याच मॉडेलांना ती जमत नाही.

आता समजा एका कॉलेजात हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी ८८ जणांना शोधेल, १२ निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी मुलांपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणही यादीत येतील. यादी झाली १९६ जणांची, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना नैराश्य नाही. निसटलेल्या बारांना मात्र ‘तुझं नाव यादीत नाही’ असा दिलासा मिळून गेला.

ही यादी समुपदेशकाकडे गेली आणि त्याने १९६ जणांना आपुलकीने बोलावून चहा पाजला, तर नुकसान काही नाही. ती वसतिगृहाच्या ऑफिसात, वर्गशिक्षकाकडे किंवा प्लेसमेंट विभागाकडे गेली, तर मुलांच्या कपाळावर शिक्का बसला. आकडे दोन्हीकडे तेच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मॉडेलने गटाकडे बघावं: कोणत्या महिन्यात ताण चढतो, कोणत्या गटाला आधाराची माणसं कमी आहेत, भाषेचा वर्ग सुरू केल्यावर काही फरक पडला का. एकेका मुलाकडे बघायचं काम माणसाचं.

परदेशातल्या डेटावर तयार झालेलं मॉडेल कोल्हापुरातल्या परदेशी विद्यार्थ्यांना लागू होईल?

जसंच्या तसं नाही. बेप्पूत परदेशी विद्यार्थ्यांचे मोठे गट आहेत, आपापल्या देशाची मंडळी सापडते. इथे आलेल्या मुलाला कदाचित आख्ख्या विभागात स्वतःच्या देशाचा एकही माणूस नसेल. भाड्याने खोली मिळवण्यापासून झगडा, मेसच्या जेवणाची सवय, वर्गात इंग्रजी पण रिक्षात आणि दुकानात मराठी. गावात चौकशी होते ती प्रेमानेच, पण सतत टक लावून बघितलं जाण्याचाही शीण येतो. हे प्रश्न जपानच्या प्रश्नावलीत नाहीत. आधी इथल्या पाच-दहा मुलांशी निवांत बसून बोलावं, मग प्रश्न ठरवावेत.

आणि मुलं थोडी असतील तर मशीन लर्निंग करूच नये. वीस जणांवर मॉडेल बसवण्यापेक्षा वीस जणांशी बोलणं जास्त खरं आहे.

नाव विचारलं नाही म्हणजे सर्वेक्षण गुप्त झालं ना?

होत नाही. देश, विभाग, वर्ष आणि स्त्री-पुरुष एवढ्या चार गोष्टी विचारल्या की छोट्या कॅम्पसवर माणूस ओळखू येतो. एखाद्या विभागात त्या देशाची एकच मुलगी असेल तर नाव लिहायची गरजच काय? देशाऐवजी खंड विचारा, वयाऐवजी वयोगट, आणि अहवालात दहापेक्षा कमी जणांचा गट वेगळा दाखवूच नका.

परदेशी मुलांची भीती समजून घ्या. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला भारतात नोंदणी करावी लागते आणि जिल्ह्यात ते काम पोलिसांच्या कार्यालयाशी जोडलेलं असतं. त्यामुळे कॉलेजने दिलेला कुठलाही फॉर्म त्याला सरकारी वाटू शकतो. ही माहिती व्हिसाशी जोडली जाणार नाही, हे त्याला कळेल अशा भाषेत, पहिल्याच ओळीत लिहा, आणि ते पाळा.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने आजाराबद्दलची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण अट अशी की त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही. वर यादीबद्दल जे लिहिलं त्याच्याशी ही अट किती जुळते बघा. आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वं आहेत, २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळी तत्त्वंही आली. संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घेतल्याशिवाय फॉर्म फिरवू नका, कॉलेजचा छोटा प्रोजेक्ट असला तरी. युरोपात तर २०२५ च्या फेब्रुवारीपासून शिक्षणसंस्थांमध्ये चेहरा किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, ही त्यातली एक. मॉडेल बनवायच्या आधी आपल्या कॉलेजात हे पद भरलं आहे का, ते विचारा.

नवव्या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हटलं तर काय करायचं?

हा प्रश्न विचारलात याबद्दल आभार, कारण अनेक जण तो शेवटी, डेटा गोळा झाल्यावर विचारतात. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मागच्या दोन आठवड्यांत आले का, याबद्दल आहे. एखाद्या मुलीने त्यावर ‘जवळपास रोज’ अशी खूण केली आणि तुमचा फॉर्म निनावी असेल, तर तुम्ही तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. तिने तिच्या परीने कुणाला तरी सांगितलं, आणि ते एका एक्सेल फाइलमध्ये पडून राहिलं.

म्हणून आधी ठरवा. एक मार्ग असा: फॉर्म निनावीच ठेवा, नववा प्रश्न काढून पीएचक्यू-८ वापरा, आणि प्रत्येकाला, उत्तर काहीही असो, शेवटच्या पानावर मदतीचे नंबर दिसू द्या. दुसरा मार्ग: नाव न घेता सांकेतिक क्रमांक द्या, क्रमांकाची किल्ली फक्त समुपदेशकाकडे ठेवा, नवव्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण आले तर तुमच्याशी त्याच दिवशी संपर्क होईल हे सुरुवातीलाच सांगा, आणि त्याच दिवशी खरोखर करा. दुसरा मार्ग निवडायचा तर समुपदेशक त्या आठवड्यात रजेवर नसावा. असा माणूसच उपलब्ध नसेल तर पहिला मार्ग घ्या. असा विचार मनात आहे का हे विचारल्याने तो विचार रुजत नाही, तेव्हा विचारायला घाबरू नका. विचारून पाठ फिरवायची नाही, एवढं पाळा.

माझी मुलगी कॅनडात आहे. तिच्या फोनमध्ये एखादं अ‍ॅप टाकून लक्ष ठेवता येईल का?

तिच्या नकळत तर मुळीच नको. कळलं तर ती तुमच्यापासूनच तुटेल, आणि वर सांगितलंच की माणसांशी जोडलेलं वाटणं जितकं कमी तितके नैराश्याचे गुण जास्त.

त्यापेक्षा ज्या गोष्टी हे अभ्यास मोजतात त्या तुम्ही बोलण्यातून विचारू शकता. ‘जेवलीस का?’ आपण सगळेच विचारतो. त्याला जोडून ‘कुणाबरोबर जेवलीस?’ विचारा. दोन-तीन आठवडे उत्तर ‘एकटीच’ येत असेल तर कान टवकारा. झोप कशी लागते, सकाळी उठावंसं वाटतं का, पूर्वी आवडायचं ते अजून करतेस का, हे विचारा. नुसतं ‘बरी आहेस ना?’ विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच परत येतं.

आणि कर्जाचा विषय प्रत्येक फोनवर काढू नका. हप्त्याचं बोलायचं तर महिन्यातून एकदा, ठरवून, हिशेबाचं म्हणून बोला. एरवी ‘नाही जमलं तरी घर आहे’ हे तिला स्पष्ट शब्दांत ऐकू द्या. आईबापांना वाटतं की मुलांना ते माहीतच असतं. फोनच्या पलीकडे एकटं बसलेल्या पोराला ते माहीत नसतं.

चॅटबॉटशी बोलून बरं वाटतं म्हणतात. चालेल?

हलक्या ताणात, मन मोकळं करायला, काहींना उपयोग होतो. वोबॉट नावाच्या चॅटबॉटवर २०१७ मध्ये ७० तरुणांचा छोटा अभ्यास झाला आणि दोन आठवड्यांत नैराश्याची लक्षणं थोडी कमी झालेली दिसली. पण ते अ‍ॅप २०२५ मध्ये बंद झालं. ज्याच्यावर मुलगा रोज विसंबून आहे ते उद्या असेलच असं नाही. जिवाला धोका वाटेल अशा वेळी तर माणसालाच फोन करावा.

प्रोजेक्ट इथेच करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

समुपदेशकापासून, संगणकापासून नाही. तुमच्या विद्यापीठात किंवा कॉलेजात जो कोणी हे काम करतो त्याला भेटा आणि विचारा की कोणती एक गोष्ट कळली तर तुमचं काम सोपं होईल. उत्तर बहुधा ‘धोक्यातली मुलं कोण’ असं येणार नाही. ‘मुलं माझ्याकडे का येत नाहीत’ असं येईल. मग बेप्पूच्या डेटातले मदत मागण्याचे रकाने घ्या आणि समुपदेशकाकडे जायला तयार असलेल्या आणि नसलेल्या मुलांत काय फरक आहे ते लॉजिस्टिक रिग्रेशनने बघा. एका सत्रात हे नीट होतं. निष्कर्ष घेऊन त्या समुपदेशकाकडे परत जा, त्याला तो पटतो का विचारा, आणि तो जे म्हणेल ते अहवालात लिहा. परीक्षकाला अचूकतेचा आकडा कमी दिसेल. दिसू दे.

परदेशी जायच्या तयारीत असलेल्या मुलांचं सर्वेक्षण निघण्याआधी एकदा आणि पोचल्यावर सहा महिन्यांनी एकदा केलं, तर त्याहून छान. तसा डेटा आपल्या भागातून निघाला तर खरोखर उपयोगी पडेल.

आत्ता, या घडीला मदत हवी असेल तर?

भारतात टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात जाता येतं, केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारा.

अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्स ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४, जर्मनीत टेलिफोनझेलझोर्ग ०८०० १११ ० १११. यातले नंबर त्या त्या देशातून लावायचे असतात, कोल्हापुरातून आईवडिलांनी लावून उपयोग होईलच असं नाही. मुलगा फोन उचलत नसेल आणि काळजी वाटत असेल तर त्याच्या विद्यापीठाच्या कॅम्पस सुरक्षा विभागाला फोन करून खोलीवर जाऊन बघायला सांगता येतं, भारतीय दूतावासाला कळवता येतं, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रारही नोंदवता येते. विद्यापीठाचा तो नंबर, खोलीचा पूर्ण पत्ता आणि एका रूममेटचा किंवा मित्राचा नंबर मुलगा विमानात बसण्याआधी, किंवा राहायची सोय झाल्या झाल्या, घरात लिहून ठेवा.